एक घर चाल, माय!

आमच्या ऑफिसात नवीन कुणी जॉइन झालं, की सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याला एक ठरलेला प्रश्न विचारतात. 'तुझी हॉबी काय?' मला विचारलं तेव्हा मी 'वाचन आणि ट्रेकिंग' असं ठोकून दिलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली, कॉफी आली, विषय संपला.

खरं उत्तर होतं बुद्धिबळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस अडकली, की मी मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळते. जाताना चार, येताना सहा. पण हे मी कुणाला सांगत नाही. कारण सांगितलं, की पुढचा प्रश्न येणारच, 'अरे वा, कुणी शिकवलं?' आणि तिथे माझी गाडी अडते.

शिकवलं माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी. साक्रीला आमची पिठाची चक्की आहे. धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या हायवेवरचं आमचं गाव, बाजूला कान नदी, आणि पिंपळनेर-दहिवेलच्या रस्त्याला लागलं की डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्या. चक्कीत दळणाचे डबे रांगेत लागलेले असायचे आणि दळण होईपर्यंत आबा गिऱ्हाइकाला बसवून एक डाव टाकायचे. आजीने लाल-पांढरे तुकडे जोडून शिवलेला कापडी पट आणि त्यावर लाकडी सोंगट्या. काळ्या सोंगट्याही पीठ बसून बसून करड्या झालेल्या. संध्याकाळी फुंकर मारून त्या डब्यात भरायचं काम माझं.

मी सहा वर्षांची असताना त्यांनी मला पहिला नियम सांगितला. आमच्या घरात अहिराणी बोलतात. "प्यादं एकच घर चालस, माय. घाई कसाले?"

सर, ही चीटिंग आहे!

२००७ साल. मी सहावीत. तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेसाठी आमच्या शाळेला एक मुलगी हवी होती. 'हिच्या घरी पट आहे' एवढ्या क्वालिफिकेशनवर खेळाच्या सरांनी माझं नाव टाकून दिलं.

समोर दुसऱ्या शाळेचा एक चष्मेवाला मुलगा. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे. मी राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं. तो म्हणाला, "एकच? घाबरली का?" आणि त्याने स्वतःचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मला वाटलं, ह्याला खेळताच येत नाही. सात-आठ चालींनंतर त्याने एका हाताने राजा उचलला, दोन घरं सरकवला आणि हत्ती उडी मारून राजाच्या पलीकडे आणून ठेवला. एका चालीत दोन सोंगट्या! मी ताडकन हात वर केला. "सर, हा चीटिंग करतोय!"

आख्खा हॉल हसला. शेजारच्या पटांवरची मुलंही खेळ थांबवून हसली. पंच सर चांगले होते. त्यांनी मला शांतपणे समजावलं, की ह्याला किल्लेकोट म्हणतात आणि हा नियमच आहे. मी मान खाली घातली. थोड्या वेळाने माझ्या राजावर हल्ला आला. आता आपली पाळी, असं म्हणून मी राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायला लावली. आबांच्या खेळात ती राजाला एकदा मिळायची. पंच सरांनी राजा उचलून परत जागेवर ठेवला. ह्या वेळचं हसू मला अजून ऐकू येतं.

हरले ते हरलेच, पण घरी जाऊन जे केलं ते त्याहून वाईट. चक्की चालू होती. पट्ट्याच्या आवाजात नीट बोलता येत नाही, म्हणून मी ओरडून बोलले. सात-आठ बाया दळण घेऊन उभ्या होत्या. त्या सगळ्यांसमोर मी आबांना म्हणाले, "तुम्हाला काहीच येत नाही. तुम्ही मला सगळं खोटं शिकवलं."

आबा रागावले नाहीत. त्यांनी पटावरच्या सोंगट्या डब्यात भरल्या, पटाची चार घड्यांची घडी घातली आणि दोन्ही वस्तू वरच्या फळीवर ठेवल्या. त्यानंतर मला त्यांनी कधीच 'डाव टाकू का?' असं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. एक दिवस, एक महिना, एक वर्ष करत करत अठरा वर्षं गेली. इंजिनीअरिंगला होस्टेलवर मी खरे नियम शिकले. सिसिलियन, किंग्ज इंडियन, कॅटलन अशी भारी भारी नावं शिकले. सॉरी म्हणायला मात्र शिकले नाही.

वर्क फ्रॉम साक्री

जुलै २०२५मध्ये आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं. मी आठवडाभर वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि लॅपटॉप, हेडफोन, चार्जर असा सगळा संसार घेऊन साक्रीला पोचले. आबा काळा चष्मा लावून पलंगावर. टीव्ही बघायचा नाही, मोबाइल बघायचा नाही, दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब. थेंब टाकायची ड्यूटी माझी. दोन थेंबांच्या मधल्या वेळात आमच्यात बोलायला फारसं काही नव्हतं. हवापाणी, माझा पगार, लग्नाचं काय झालं. इतकंच.

आणि नेमकी त्याच दिवसांत जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांच्या विश्वचषकाची धमाल चालू होती. नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. स्पर्धेत मानांकन पंधरावं, ग्रँडमास्टर किताब नाही, त्यासाठी लागणारा एक नॉर्मही खात्यावर नाही. तरी पोरगी एकेकीला घरी पाठवत सुटली होती. चौथ्या फेरीत दुसरी मानांकित झू जिनर, उपांत्यपूर्व फेरीत आपलीच हरिका द्रोणवल्ली. आता उपांत्य फेरीत समोर चीनची टॅन झोंगयी. ही २०१७ची महिला विश्वविजेती, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पुन्हा विश्वविजेतेपदाची लढत खेळून आलेली. पहिला डाव बरोबरीत सुटला होता. दुसरा डाव बुधवारी, २३ जुलैला.

दुपारचा चहा झाल्यावर मी हॉटस्पॉट लावला आणि लॅपटॉपवर डाव लावून बसले. हेडफोन ऑफिसच्या कॉलला लावलेला, डोळे बाटुमीकडे. पलंगावरून आवाज आला, "काय बघी राह्यनी?"

"बुद्धिबळ," मी म्हणाले. अठरा वर्षांत हा शब्द मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चाल सांगत जा. मी ऐकस."

एकच घर?

मी सांगायला लागले. पांढऱ्या सोंगट्या दिव्याकडे. पहिली चाल, राजापुढचं प्यादं दोन घरं. टॅनचं उत्तर, वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं. ह्याला सिसिलियन बचाव म्हणतात, असं मी सांगितलं. आबांचा चेहरा काळ्या चष्म्यामुळे कळत नव्हता.

दिव्याची दुसरी चाल. मला वाटलं होतं घोडा बाहेर काढेल. शंभरातले बहुतेक लोक तेच करतात. पण तिने वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं उचललं आणि ठेवलं. सी-३.

"उंटापुढचं प्यादं," मी म्हणाले. "एक घर."

"एकच घर?"

"हो."

आबा पलंगावर उठून बसले. "मंग ती बी खोटं शिकेल शे का?"

मला काय बोलावं ते सुचेना. म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. शब्दन् शब्द. ऑफिसच्या कॉलवर कुणीतरी माझं नाव घेत होतं आणि मी म्यूटवर बसून राहिले.

मी काही बोलत नाही म्हटल्यावर आबांनीच विषय पुढे नेला. "पण तिनी घोडानं घर बंद करी टाकं," ते म्हणाले. मी चाट! पट समोर नाही, डोळ्यांवर पट्टी म्हणावी असा चष्मा, आणि ह्या चालीत नेमकी गोम काय आहे ते ह्यांनी एका सेकंदात सांगितलं. कारण ते खरं आहे. सी-३ हे वजिराकडच्या घोड्याचं सगळ्यात लाडकं घर. तिथे प्यादं बसवलं की घोडा लटकतो.

मग ही चाल करायचीच कशाला? थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्हालाही लंच अवरमध्ये भाव खाता येईल. सिसिलियनमध्ये काळा खेळाडू बाजूच्या प्याद्याने पटाच्या मध्यावर नजर ठेवून असतो. पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, की काळा स्वतःचं कडेकडचं प्यादं देऊन पांढऱ्याचं मधलं प्यादं घेतो. कडेचं देऊन मधलं घ्यायचं, सौदा फायद्याचा. सी-३ने हा सौदा बिघडतो. आता काळ्याने मधलं प्यादं मारलं, तर पांढरा दुसऱ्या प्याद्याने ती जागा परत भरतो. मध्यावर आपली जोडी कायम. काळ्याकडे मुख्य उत्तरं दोन. एक, घोडा काढून राजापुढच्या प्याद्यावर चाल करून जायचं. दोन, वजिरापुढचं प्यादं लगेच दोन घरं टाकून मधे धडक मारायची. दुसऱ्या उत्तरात मारामारी होऊन काळ्याचा वजीर लवकर बाहेर येतो. एरवी अशा वजिराला घोडा सी-३वर आणून हाकलतात, पण ते घर तर आपणच बंद केलेलं. म्हणजे घेतलंही आणि दिलंही.

ह्या प्रकाराला अलापिन म्हणतात, सेम्यॉन अलापिन नावाच्या रशियन खेळाडूवरून. हे गृहस्थ १८५६ ते १९२३ ह्या काळातले. मी आबांना नाव सांगितलं. त्यांनी ते स्वतःच्या पद्धतीने ऐकलं.

"आलाप? बरोबर शे. गाणं सुरू व्हायच्या आधी आलापच घेतस."

मी दुरुस्त केलं नाही. खरं तर ह्याहून चांगलं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

मशीनलाही हीच चाल

पूर्ण वेळेचा डाव म्हणजे काय, हे आम्ही तीन मिनिटंवाले विसरून गेलो आहोत. चाळीस चालींसाठी दीड तास, पुढे आणखी अर्धा तास आणि शिवाय प्रत्येक चालीमागे तीस सेकंद. टॅन एकेका चालीला वीस-वीस मिनिटं लावायची तेव्हा मला ऑफिसची कामं उरकता आली असती. पण आबा म्हणाले, "अजून सांग. ह्या आलापाचं." म्हणून मी सांगत गेले.

पहिली गोष्ट मशीनची. १० फेब्रुवारी १९९६, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. एका बाजूला गॅरी कास्पारोव, दुसऱ्या बाजूला आयबीएमचा डीप ब्लू कॉम्प्युटर. कास्पारोवने आपलं हुकमी सिसिलियन काढलं आणि मशीनने दुसऱ्याच चालीला सी-३ केलं. एक घर. कास्पारोवने वजिरापुढच्या प्याद्याने धडक दिली, वजीर बाहेर आला, आणि ३७ चालींत तो डाव सोडून उठला. पूर्ण वेळेच्या डावात विद्यमान विश्वविजेता मशीनकडून हरल्याची ती पहिलीच वेळ. ती मॅच पुढे कास्पारोवने ४-२ अशी जिंकली आणि १९९७ची रीमॅच मशीनने, पण इतिहासात नोंद झाली ती पहिल्या डावाची. सिसिलियनच्या खोल जंगलात कास्पारोवशी भिडण्याऐवजी मशीन बाजूच्या साध्या पायवाटेने गेलं.

आबांना मशीनचं कौतुक वाटलं नाही. "मशीनले घाई नसस," ते म्हणाले. आयुष्यभर चक्की चालवलेला माणूस, त्यांना मशीनचं जास्त कळतं.

दुसरी गोष्ट मी त्यांना सांगितली, की स्वतःला, हे मला अजून ठरवता येत नाही. मोबाइलवर शोधत शोधत मी अशा जागी पोचले, की सहावीतच ही माहिती मिळाली असती तर बरं झालं असतं. प्यादं एकच घर चालणं, किल्लेकोट नसणं, राजाला एकदा घोड्याची उडी असणं, प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या सोंगटीचं घर तीच सोंगटी होणं. ह्यातलं काहीही आबांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या खेळला गेलेला देशी बुद्धिबळ तो हाच. गावागणिक थोडा फरक, पण गाभा तोच.

आणि ह्या एका घराने जगाचं ओपनिंग बदललं. १८५०च्या आसपास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, युरोपातला नावाजलेला खेळाडू. त्याच्यासमोर बसायचे मोहेशचंद्र बॅनर्जी, बंगालच्या खेड्यातून आलेले, देशी खेळात मुरलेले. ते मधली प्यादी दणादण पुढे टाकायचे नाहीत. एक-एक घर सरकवून, उंटाला कोपऱ्यात बसवून, समोरच्याला मध्यावर येऊ द्यायचे आणि मग त्याच मध्यावर हल्ला चढवायचे. कॉक्रेनने हे डाव टिपून ठेवले. ह्या पद्धतीच्या सुरुवातींना पुढे 'इंडियन' हे नाव चिकटलं. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन. होस्टेलवर ज्या 'किंग्ज इंडियन'ची मी स्टाइल मारायचे, त्याचं मूळ आबांच्या पटावर होतं!

त्याहून भारी मीर सुलतान खान. पंजाबातल्या सरगोध्याकडचा. देशी नियमांत वाढलेला, आंतरराष्ट्रीय नियम मोठेपणी शिकलेला. १९२९मध्ये मालकाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. मग १९३२ आणि १९३३मध्ये पुन्हा. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवलं. कापाब्लांकाने काळ्या सोंगट्यांनी उभारलेला बचाव होता क्वीन्स इंडियन, आणि त्याविरुद्ध सुलतान खानची पाचवी चाल काय होती माहितीये? हत्तीपुढचं प्यादं, एक घर. २०२४मध्ये, मृत्यूनंतर तब्बल ५८ वर्षांनी, जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

हे वाचून दाखवताना माझा आवाज जरा बसला. आबा ऐकत होते. मी तयारी करून म्हणाले, "आबा, तेव्हा चक्कीत मी..."

"टॅननी चाल झाली का?" त्यांनी विचारलं.

झाली होती. मी चाल सांगितली. सॉरी राहूनच गेलं.

एकशे एक

ह्यापुढचा डाव मी तुम्हाला चालीगणिक सांगणार नाही. तो डाव एकशे एक चाली चालला. दिवे लागले, आईची भाकरी-भाजी झाली, आजी दोनदा 'जेवून घ्या' म्हणून गेली. पन्नासाव्या चालीच्या आसपास आबांनी फळीवरचा डबा खाली काढायला लावला. चष्म्याआडून नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटांनी चाचपून सोंगट्या मांडल्या आणि मी सांगेन तशी स्थिती लावली. अठरा वर्षांत तो पट पहिल्यांदा उलगडला. घडीवर कापड विरलं होतं. पीठ मात्र अजून होतं.

डाव एका बाजूला झुकायचा, परत हलायचा. मी नखं खात होते आणि आबा आपले शांत. नंतर दिव्याने स्वतःच कबूल केलं, की डाव हातात आलेला होता, मधे आपण गडबड केली, गुंता वाढला आणि शेवटी नशिबाने साथ दिली. मला तिचं हे बोलणं जिंकण्याइतकंच आवडलं. उपांत्य फेरी जिंकलेली मुलगी सगळ्यांसमोर सांगतेय, की मी चुकले होते. आणि आता काय हवंय, तर झोप आणि जेवण! शंभरावर चाली खेळल्यावर आणखी काय हवं असणार?

टॅनने डाव सोडला तेव्हा साक्रीत रात्र झाली होती. दीड विरुद्ध अर्धा. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय, नागपूरची. मी ओरडले तशी आई धावत आली. तिला वाटलं, आबांना काहीतरी झालं.

आबा म्हणाले, "खाडिलकरांच्या पोरींनंतर हीच." त्यांना ती नावं अजून पाठ आहेत. वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४, ७५ आणि ७६ अशी महिलांची पहिली तीन राष्ट्रीय विजेतेपदं ह्या तीन बहिणींनी ओळीने घरात आणली होती. तेव्हा चक्कीत पेपर मोठ्याने वाचला जायचा, असं आबांनी सांगितलं. हे मला माहीतच नव्हतं. मला पट मिळाला तो कुणाच्या बातम्या वाचून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

दिव्यांची अवस

दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, दिव्यांची अवस होती. योगायोग बघा! आई सकाळपासून समया, निरांजनं, कंदील काढून चिंचेने घासत बसली होती. आजी कणकेचे दिवे वळत होती. मी ऑफिसला 'हाफ डे' टाकला, आबांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि पट घेऊन त्यांच्या समोर बसले.

"आबा, डाव टाकू या?"

"कोणते नियम? तुझे का माझे?"

मी म्हणाले, "तुमचे." ते म्हणाले, "तुझे." शेवटी तोडगा निघाला. मला दोन घरं चालायची मुभा, किल्लेकोटाचीही. त्यांना राजाची एक उडी. जगातल्या कुठल्याही पंचाने असा डाव मान्य केला नसता.

मी सोंगट्या मांडल्या. मग पहिली चाल करायच्या आधी म्हणाले, "आबा, सहावीत असताना मी सगळ्यांसमोर बोलले, ते चूक होतं. तुम्ही खोटं शिकवलं नव्हतं. सॉरी." मनात हजार वेळा घोकलेलं वाक्य, बोलायला दहा सेकंद लागले.

आबांनी चष्मा नीट केला. बोटांनी पट चाचपला, सगळ्या सोंगट्या जागेवर आहेत का ते बघितलं.

"चाल," ते म्हणाले. "तुनी चाल शे."

एवढंच. मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. त्यांनी उंटापुढचं एक घर. पंधराव्या चालीला मी त्यांच्या राजाला शह द्यायची तयारी केली, तर त्यांनी राजा उचलला आणि अडीच घरांची उडी मारून सरळ सुरक्षित जागी नेऊन ठेवला. आणि माझ्याकडे तोंड करून थांबले. हात वर करते का, ह्याची वाट बघत! मी इतकी हसले, की आजीने दिवे वळायचं थांबवून बघितलं. आबाही हसले.

तो डाव संपला नाही. आधी जेवणं, मग संध्याकाळी दिव्यांची पूजा, शुक्रवारी ऑफिसचं रिलीज. रविवारी मला पुण्याची गाडी होती. पट तसाच मांडलेला ठेवून, कुणी हात लावायचा नाही अशी घरभर तंबी देऊन मी निघाले.

सोमवारी, २८ जुलैला, मी ऑफिसात होते. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. दिव्याहून वयाने दुप्पट, आणि २००२मध्ये पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झालेली. पूर्ण वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या सोंगट्या. मीटिंगमध्ये मोबाइल मांडीवर ठेवून मी शेवट बघितला. अडीच विरुद्ध दीड. महिला विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय, आणि एकही नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर, देशाची ८८वी. मी मीटिंगमध्येच टाळी वाजवली. सगळे बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "तू चेस खेळतेस?"

"खेळते," मी म्हणाले. "माझ्या आजोबांनी शिकवलं."

बाहेर येऊन साक्रीला फोन लावला. आबांनीच उचलला. "जितनी का ती?"

"जितली, आबा. काळ्या सोंगट्यांनी."

"बरं झालं." मग थोडा वेळ शांतता. मागे चक्कीच्या पट्ट्याचा आवाज येत होता. "आपला डाव बाकी शे. माझी चाल लिहून घे."

मी पेन काढलं.

"हत्तीपुढचं प्यादं," आबा म्हणाले. "एक घर."